करंजवेल: खाजन बांधावरच्या नोंदी

१८ मे २०२४, शनिवार

गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींचं काम पुन्हा हातात घेतलंय, आणि पहिल्याच बैठकीत वेलीवरून दोन तट पडले. मांडवीच्या काठावरच्या आमच्या खाजन बांधाला लागून कांदळवनाचा पट्टा आहे. त्यावर एक हिरवी चकचकीत वेल पसरलीय. एका गटाचं म्हणणं, ही वेल झाडं मारते, सगळी उपटा. दुसरा गट म्हणतो, बांध तिनेच धरून ठेवलाय, हात लावू नका. दोन्हीकडचे लोक लहानपणापासून त्या बांधावर फिरलेले आहेत, त्यामुळे आवाज कोणाचाच खाली येत नव्हता.

शेवटी काम माझ्याकडे आलं. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून. सोबत माझ्या तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी. पावसाळाभर बांधावर फिरायचं, डिसेंबरात समितीला सांगायचं: वेल कापायची की ठेवायची.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवून तयार केलेली सखल जमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची पाणझडप. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत भात आणि मासळी, बाहेर कांदळवन. कांदळवन लाटेचा मार खातं म्हणून मातीचा बांध टिकतो. वेलीचा प्रश्न म्हणूनच नुसता झाडांचा नाही.

९ जून, रविवार

पाऊस सुरू झालाय. चिखल गुडघ्यापर्यंत.

आधी ओळख पक्की केली. पान संयुक्त, पर्णिका बहुधा तीन किंवा पाच, क्वचित सात. जाड, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी लव नाही. पर्णिका बोटभर लांब, टोकाला निमुळती. खोडावर बारीक ठिपके, म्हणजे वातरंध्रं. काटे नाहीत, ताणेही नाहीत. ही डेरिस ट्रायफोलिएटा, मराठीत करंजवेल. जुन्या पुस्तकांत ती डेरिस युलिजिनोसा या नावाने सापडते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पुढे प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत हिचा पसारा आहे.

मुलींचा घोळ करंजाशी झाला, आणि तो होण्यासारखाच आहे. बांधाच्या गावाकडच्या टोकाला करंजाची दोन झाडं आहेत. दोघांचं कुळ एकच, फॅबेसी, आणि करंजालाही एके काळी डेरिस याच प्रजातीत बसवलं होतं, डेरिस इंडिका म्हणून. दोन्हींची पानं शेजारी ठेवली की फसायला होतंच. खोड पाहायचं. करंज स्वतःच्या पायावर उभा असतो.

डेरिस ही प्रजात शास्त्रात आणली जुआंव द लोरेरो या पोर्तुगीज जेझुइटाने, १७९० साली, कोचिनचायनाच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात. कोचिनचायना म्हणजे आजच्या व्हिएतनामचा मध्य आणि दक्षिणेकडचा भाग. तो तिथे पस्तीसेक वर्षं राहिला, पण त्याआधी काही वर्षं गोव्यात होता. त्याने इथल्या खाड्यांतून होडीने जाताना ही वेल पाहिली असेल का, हे विचारायला आता कोणी नाही. मला वाटतं पाहिली असणार. न दिसण्यासारखी ती नाहीच.

२३ जून, रविवार

काल पौर्णिमा होती, आज उधाण. भरतीचं पाणी बांधाच्या कडेपाशी आलं. उधाणाला इथे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, तो त्याच्या निम्म्यापर्यंत येतो. होडीवाले दादा सारखे मागे वळून बघत होते. "बाय, भरती येता. आता चल."

चौकोन आखून झाले. बांधालगत ठरावीक अंतरावर दहा मीटर बाय दहा मीटर. तीन प्रकारच्या जागा निवडल्या: आतलं दाट कांदळवन, बांधाची आणि ओहोळाची कड, आणि मोडलेली जागा. मोडलेली म्हणजे जिथे काही वर्षांपूर्वी बांधाला भगदाड पडलं आणि दुरुस्ती झाली तो भाग. तिथे मेलेल्या तिवरांचे खुंट आहेत (तिवर आणि कांदळ ही कांदळवनातलीच दोन झाडं) आणि वेलीचा सगळ्यात मोठा ढीग आहे. समितीतले लोक बोट दाखवतात ते याच ढिगाकडे.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. मेच्या शेवटी पाणी जवळपास समुद्राइतकं खारट होतं. आता वरच्या थरात खारटपणा भराभर उतरतोय. मांडवी पावसाळ्यात नदी असते आणि उन्हाळ्यात समुद्राचा हात. गोव्यात वर्षाचा साधारण ३००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडून जातो, त्यामुळे इथल्या झाडांना एकाच जागी उभं राहून दोन वेगळ्या पाण्यांत जगावं लागतं.

२० जुलै, शनिवार

आजचा दिवस खोडात गेला. यातच सगळ्यात जास्त हाती लागलं, म्हणून सविस्तर.

आधी चढण्याची रीत. वेलीचा नवा कोंब लांब, बारीक, जवळजवळ निष्पर्ण. टोक हवेत हळूहळू गोल फिरतं, काही सापडलं की त्याभोवती वळतं. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. जगातल्या बहुतेक वळणाऱ्या वेलींचं वळण असंच असतं, आणि सूर्याच्या दिशेशी त्याचा संबंध नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वळण तेच.

वळून चढणाऱ्या वेलीला एक बंधन असतं: आधार बारीक हवा. जाड बुंध्याला कोंब मिठी घालू शकत नाही, घसरतो. आमच्या चौकोनांत हे उघड दिसतं. जुन्या, जाड तिवराच्या बुंध्यावरून थेट चढलेली वेल सापडली नाही. वर गेलेल्या वेली शेजारच्या बारीक फांद्यांवरून, कांदळाच्या आधारमुळांवरून, किंवा आधीच्या वेलीवरून गेल्यात. दाट रानात खाली बारीक फांद्या नसतात, कारण खाली उजेड नसतो. कडेला बारीक फांद्याच फांद्या.

मग आडवा छेद. वाळलेल्या ढिगातून अंगठ्याएवढं जिवंत खोड कापून आणलं, ब्लेडने पातळ चकती काढली. दहापट भिंगाखाली लाकडात भोकंच भोकं, मोठी, काही नुसत्या डोळ्यांनाही दिसणारी. शेजारी कांदळाच्या फांदीची चकती ठेवली. तिच्यात वाहिन्या शोधाव्या लागतात, इतक्या बारीक आणि दाटीने.

मुलींना गणित करायला लावलं. नळीतून जाणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं. नळी दुप्पट रुंद झाली की इतर सगळं तेच ठेवून पाणी सोळापट. काष्ठवेलीचा सगळा संसार याच हिशेबावर चालतो. स्वतःला उभं धरायचा खर्च नाही, म्हणून खोड बारीक ठेवायचं, आणि त्या बारीक खोडातून मोठ्या पर्णसंभाराला पाणी पुरवायचं.

पण रुंद नळीला भीतीही मोठी. खाऱ्या चिखलातून पाणी ओढायचं तर झाडाला ताण फार द्यावा लागतो, आणि ताण वाढला की नळीत हवेचा बुडबुडा शिरून पाण्याची साखळी तुटते. रुंद नळ्यांत हा धोका सहसा जास्त. कांदळाने बारीक नळ्या घेऊन वेग सोडला आणि सुरक्षितता घेतली. करंजवेलीला कांदळासारखी मीठ मुळाशीच अडवण्याची ख्याती नाही, मारांडीसारख्या पानावर मीठ टाकणाऱ्या ग्रंथीही नाहीत. म्हणून माझा अंदाज असा: ती बांधाला चिकटून वाढते ती बांधाच्या प्रेमाने नव्हे. बांधाच्या पोटातून पावसाचं गोडं पाणी झिरपतं, तिथे तिच्या रुंद नळ्या निभावतात. आमच्या चौकोनांतही खाडीच्या तोंडाकडे वेल विरळ होत जाते.

संध्याकाळी घरी येताना दोघी त्या चौथ्या घातावरच बोलत होत्या. वर्गात हेच शिकवताना जांभया येतात.

११ ऑगस्ट, रविवार

फुलं. पानांच्या बगलेत तुरे, बोट-दीड बोट लांब, फुलं झुबक्यांनी. एकेक फूल सेंटिमीटरभर, पांढरं, काहींवर गुलाबी झाक. रचना मटारच्या किंवा अळसांद्याच्या फुलाची: वर एक मोठी पताका-पाकळी, दोन पंख, आणि आतल्या दोन पाकळ्यांत लपलेले पुंकेसर. माश्या आणि सुतारी भुंगे येत होते. भुंगा वजनाने पंखांवर बसतो, आतल्या पाकळ्या खाली दबतात आणि पराग त्याच्या पोटाला लागतो.

काही पानं गुंडाळलेली होती, आत अळ्या. करंजावर वाढणाऱ्या कॉमन बँडेड ऑल या फुलपाखराच्या जातकुळीतल्या दिसतात. जातीपर्यंत ओळख पटेपर्यंत नोंदवहीत फक्त 'स्किपर' हे त्या फुलपाखरांच्या गटाचं नाव लिहिलंय.

समितीतल्या एका सदस्यांनी फोनवर विचारलं, "टीचर, झालं का काम? चतुर्थीआधी माणसं मिळतात कापायला." सांगितलं, अजून शेंगा यायच्यात. त्यांना वाटलं मी टाळते आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चतुर्थीमुळे काम बंद होतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, बांधताना आमच्याकडे दरवर्षी डोंगरातून कांगोणीचे घोस येतात. तीही काष्ठवेलच, मालकांगोणी, पण घाटाकडची. खाजनातली करंजवेल माटोळीत बांधलेली मी पाहिलेली नाही. रानातल्या वेलीला मान आहे, खाडीतलीला नाही.

करंजवेल विषारी का, असं दोघांनी विचारलं, म्हणून इथेच लिहून ठेवते. डेरिस म्हटलं की कीटकनाशकांच्या जुन्या पुस्तकांत एकच शब्द: रोटेनोन. बाजारातला रोटेनोन मुख्यतः हिच्या आशियातल्या बहिणीच्या, डेरिस इलिप्टिकाच्या मुळांतून यायचा. करंजवेलीतही या गटातली रसायनं आहेत, आणि आग्नेय आशियात ती ठेचून मासे गुंगवायला वापरत. रोटेनोन पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या साखळीची पहिलीच कडी अडवतो. श्वास चालू असतो, पण प्राणवायू कामी येत नाही. माशांच्या कल्ल्यांतून तो थेट रक्तात जातो, म्हणून मासे पटकन मरतात. माणसाच्या पोटातून तो तितका सहज शोषला जात नाही, पण याचा अर्थ निरुपद्रवी असा नाही: २००० साली उंदरांना तो सतत देऊन कंपवातासारखी लक्षणं निर्माण झालेली दाखवण्यात आली. उन्हात मात्र तो लवकर मोडतो.

आमच्या बांधावर व्यवहारात एवढंच: कापलेली वेल आणि तिची मुळं खाजनातल्या पोईत, म्हणजे आतल्या तळ्यात, टाकू नयेत. आत मासळी आणि कुर्ल्या असतात. आणि गुरांपुढे टाकू नये.

६ ऑक्टोबर, रविवार

शेंगा भरल्यात. चपट्या, तिरप्या गोल, अडीच-तीन सेंटिमीटर, एका कडेला अरुंद पातळ पट्टी. आत बहुधा एकच बी. करंजाची शेंग यापेक्षा जाड, लाकडी आणि टोकाला चोच असलेली. आता दोन्हींत घोळ होणार नाही.

प्रयोगशाळेत दोन बादल्या मांडल्या. एकीत गोडं पाणी, दुसरीत खाडीचं. दोन्हींत शेंगा तरंगतायत. एक शेंग पाण्याखाली धरून दाबली तर बुडबुडे आले, म्हणजे बीभोवती हवेची पोकळी आहे.

तिसऱ्या बादलीत चिखल. त्यात वेलीचे कापलेले तुकडे आडवे टाकलेत. ही बादली समितीसाठी आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

तिसऱ्या बादलीत तुकड्यांच्या पेरांतून मुळं फुटली. सगळ्यांना नाही, पण पुरेशांना. म्हणजे कोयता घेऊन वेल तोडायची आणि तुकडे तिथेच चिखलात सोडायचे, ही लागवडच झाली. खाडीच्या बादलीतल्या बहुतेक शेंगा अजून वर आहेत.

मुलींना तुलना पाहता यावी म्हणून मोरजीला नेलं. वाळूच्या टेकाडांमागे सागरगोट्याची जाळी आहे. तीही किनाऱ्यावरची काष्ठवेल, पण चढण्याची रीत निराळी. वळत नाही, उलट्या वाकड्या काट्यांनी अडकत अडकत जाते, आणि आत शिरणाऱ्याचा शर्टही तसाच अडकवते. शेंगेलाही काटे, आत दोन राखाडी गोटे. लहानपणी जे सागरगोटे उडवून झेलले ते हेच, हे एकीला माहीत नव्हतं! तिच्या घरी प्लास्टिकचे होते. या बियांची साल इतकी पक्की की पाणी आत जात नाही, वर्षानुवर्षं तरंगतात. याच जातीच्या बिया उष्ण कटिबंधातून वाहत स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांना लागतात, आणि तिथले लोक त्या ताईत म्हणून जपत. करंजवेल इतका लांबचा बेत करत नाही. खाडीच्या या काठावरून त्या काठावर पोचली तरी तिचं भागतं.

मोरजीचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचाही. हंगाम जवळ आलाय, म्हणून वाळूत फार फिरलो नाही.

१ डिसेंबर, रविवार

मुख्य प्रश्नाकडे. मोडलेल्या जागेतली तिवरं वेलीने मारली का?

गूगल अर्थवरची जुनी चित्रं वर्षावार लावून पाहिली. भगदाडाच्या दुरुस्तीनंतरच्या चित्रात झाडोऱ्यात करडा डाग दिसतो. वेलीचा एकसलग हिरवा थर त्यानंतरच्या चित्रांत येतो. आधी झाडं गेली, मग वेल आली.

झाडं का गेली, हे मानशीवर बसणाऱ्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं. दुरुस्तीच्या वेळी यंत्राने काढलेला चिखल कांदळवनाच्या बाजूला टाकला होता. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात, त्यांच्या रंध्रांतून मुळांना हवा मिळते. ती पुरली गेली की झाड बुडून मरतं, पाणी नसतानाही. खुंटांभोवती खणून पाहिलं. जुनी श्वासमुळं खाली, वर वेगळ्या रंगाचा भराव. आजोबा म्हणाले, "हें सांगूंक इतले म्हयने लागले?" मी हसून विषय बदलला. त्यांना बैठकीला बोलावलं असतं तर मेमध्येच संपलं असतं हे खरं, पण त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं तरी ऐकलं असतं का, कोण जाणे.

दाट रानातल्या चौकोनांत वेल आहे, पण बारीक, उजेडाची वाट बघत. कडेला जोमदार. मोडलेल्या जागेत बेसुमार. वेल उजेडामागे जाते, आणि तो उजेड आम्ही पाडलेला.

तरी दुसरी बाजूही लिहायला हवी. त्याच मोडलेल्या जागेत दोन पावसाळ्यांपूर्वी कांदळाची रोपं लावलीत, आणि त्यांना वेल खरंच वाकवतेय. कमरेएवढ्या रोपाला ना जाड बुंधा, ना वर पोचलेला शेंडा. वेल त्याच्यावरून जाते आणि रोप सावलीत बसतं. तिथे 'निसर्ग आपोआप सावरेल' म्हणणं मला पटत नाही. निसर्ग सावरेल कदाचित, पण तोवर भगदाडाच्या जागी बांध उघडा राहील.

बांध वेलीने धरलाय का? थोडाफार. तिची मुळं वरच्या मातीत आहेत, पावसाच्या धारेने होणारी धूप तेवढी अडते. लाट अडवणं तिच्या आवाक्यातलं नाही, ते कांदळांचं काम.

८ डिसेंबर, रविवार

बैठक झाली. सरसकट कापणी रद्द, हे मान्य व्हायला वेळ लागला. कांदळवन किनारी नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक वर्गात येतं, परवानगीशिवाय तिथे कोयता चालवता येत नाही, हे एकाने आठवण करून दिल्यावर चर्चा पुढे सरकली. कधी कधी शास्त्रापेक्षा नियम लवकर पटतो.

ठरलं ते असं. फक्त लावलेल्या रोपांवरची वेल सोडवायची, हाताने, परवानगी आल्यावर. रोप छातीपेक्षा उंच होऊन फांद्या पसरेपर्यंत दर दोन महिन्यांनी. काढलेले तुकडे चिखलात न सोडता पोत्यात भरून बांधाच्या वर कोरड्या जागी वाळवायचे. फुलोऱ्यानंतर शेंगा धरायच्या आधी एक फेरी नक्की. बाकीची वेल आहे तिथे राहू दे. पुढच्या वेळी बांध दुरुस्त होईल तेव्हा चिखल कुठे टाकायचा ती जागा आधी खुंट्या मारून आखायची, आणि त्या दिवशी मानशीवरच्या आजोबांना हजर ठेवायचं.

उपटा म्हणणारे सदस्य जाताना म्हणाले, "टीचर, म्हणजे वेल सुटली म्हणा." म्हटलं, अर्धीच.

नोंदवहीत करंजवेलीसमोर लिहिलं: स्थानिक, विपुल, बांधाची कड आणि मोडलेली जागा, फुलं पावसाळ्यात, शेंगा ऑक्टोबरपासून, विषारी. उपयोगाच्या रकान्यात अळ्यांचं लिहायचं होतं, पण तो रकाना माणसांच्या उपयोगाचा आहे, म्हणून ते शेऱ्यात गेलं. रोपांना लाल फिती बांधायच्यात, जानेवारीतल्या पहिल्या उधाणाच्या ओहोटीला. फिती मुलींनी आणल्यात, दोरी मी आणते.